गव्हर्नरचा पंजा

गुरुवारी सकाळी सव्वादहा वाजता वेनियामिन लुकिचने नोंदवहीत एकशे सतरा क्रमांकापुढे 'आहे' अशी खूण केली, पेन झटकलं, शाईचा एक थेंब समोरच्या काचेवर उडाला, तो पुसायला त्याने मान वर केली, आणि काचपेटी रिकामी असल्याचं त्याला दिसलं.

त्याने आधी थेंब पुसला. मग खाली वाकून पेटीच्या तळाशी पाहिलं, जणू दीड वार लांबीचा पंचा घसरून कोपऱ्यात बसला असेल. पाटी जागेवर होती. 'क्र. ११७. गव्हर्नरचा पंजा.' गेले सहा महिने तो रोज सकाळी पाट्या वाचून खुणा करत असे, कारण पाटी असली की वस्तू असतेच असा त्याचा हिशेब होता. त्यामुळे सोमवारी एकशे सतरा 'आहे' होतं, मंगळवारी होतं, बुधवारीही होतं. आणि प्रत्येक 'आहे'खाली त्याचीच लफ्फेदार सही होती.

झारुचेवोच्या जवस आणि भूर्ज संग्रहालयात एकूण एक हजार दोनशे पंधरा वस्तू. जवसाच्या काड्या झोडून तंतू काढायच्या फळ्या, चात्या, माग, भूर्जाच्या सालीचे डबे, सालीच्या चपला, सालीचा एक पाळणा. पण हमरस्त्यावरून चार किलोमीटर आत वळून लोक यायचे ते एकशे सतरासाठी. दीडशे वर्षांपूर्वी प्रांताच्या गव्हर्नरची बग्गी इथल्या चिखलात रुतली, एका विधवेने त्याला घरात घेऊन बोरांची कचोरी खाऊ घातली, आणि त्या थोर माणसाने तिच्या नव्याकोऱ्या जवसाच्या पंच्याला हात पुसला. तो पाच बोटांचा तपकिरी ठसा म्हणजे झारुचेवोचा सगळा इतिहास. शाळेतली मुलं काचेवर पंजा टेकवून आपला हात गव्हर्नरएवढा झाला का ते दरवर्षी बघत. वेनियामिनचा काही झाला नव्हता. तो शाळेत चित्रकला-भूमितीचा मास्तर होता तेव्हाही नाही आणि आता, चाळिशीनंतर, डायरेक्टर झाल्यावरही नाही.

आणि दुपारी दोन वाजता प्रांताची समिती येणार होती. वस्तू नोंदवहीप्रमाणे असल्या तर संग्रहालय राहणार. एकाही मुख्य वस्तूची हेळसांड दिसली तर ते तालुक्याच्या अग्निशमन संग्रहालयात विलीन होणार, आणि या दालनात बंब उभे राहणार. पत्रात तसं स्वच्छ लिहिलं होतं.

दारापाशी राखणदारणीच्या खुर्चीत कापा मावशी चातीवर जवस कातत बसली होती. कापितोलिना साव्विश्ना तिचं नाव, पण अख्खं गाव तिला कापा मावशीच म्हणे. एकोणीस वर्षं ती त्या खुर्चीत होती.

"मावशी," वेनियामिन म्हणाला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला. "चोरी झालीय."

"कसली?"

"गव्हर्नरची."

"अहो, कोण नेतोय त्याला," मावशी धागा ओला करत म्हणाली. "बर्फावर आहे तो."

वेनियामिनला वाक्यातला प्रत्येक शब्द कळला, पण वाक्य कळलं नाही.

"बर्फावर म्हणजे?"

"मागच्या अंगणात. मार्च नाही का? मी विचारलं होतं की तुम्हाला सोमवारी. 'लुकिच, ऊन छान पडलंय, कापडं काढू का?' तुम्ही वहीत डोकं घालून म्हणालात, 'काढा, काढा.'"

ते खरं होतं. त्याला वाटलं होतं, ती दुकानात विकायला ठेवलेल्या टेबलपोशांबद्दल बोलतेय.

तो तसाच, टोपीशिवाय, मागच्या दाराने धावला. अंगणात कडक झालेल्या बर्फावर जवसाच्या बारा पट्ट्या ओळीने पसरल्या होत्या. मार्चचं ऊन वरून, बर्फाची चमक खालून. कापड पांढरं करायचं तर झारुचेवोतली प्रत्येक बाई हेच करते, तिची आजीही हेच करत होती. सातवी पट्टी एकशे सतरा होती. किनारीवरच्या लाल कोंबड्यांवरून ती ओळखू आली, नाहीतर ओळखू येण्यासारखं तिच्यात काही उरलं नव्हतं. दुधासारखी पांढरी. पंजा नाही, बोट नाही, नखाएवढा तपकिरी ठिपका नाही.

"आधी दोनदा राखेच्या पाण्यात उकळलं," मागून आलेली मावशी म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान मावत नव्हता. "मग तीन दिवस बर्फ. आणि बघा लुकिच, या वर्षी मेला कायमचा गेला. एकोणीस वर्षं घासतेय मी त्याला. दर मार्चला संध्याकाळी पांढरा करून पेटीत ठेवते, सकाळी बघावं तर पुन्हा आहेच. म्हटलं, मोठ्या माणसाचं पाप असणार, असं सहज नाही निघायचं. पण या वर्षी राख चांगली होती."

वेनियामिन बर्फावर बसला. बसायचं असं त्याने ठरवलं नव्हतं.

खटपट ऐकून तेरेंती बाहेर आला. हा संग्रहालयाचा साल-कारागीर. दिवसभर पाहुण्यांसमोर भूर्जाच्या सालीचे डबे आणि चपला विणायचा आणि पाहुणे नसले की मावशीशी वाद घालायचा. त्याने सातवी पट्टी पाहिली, वेनियामिनला पाहिलं, आणि दाढी खाजवली.

"कापे, तू गव्हर्नर धुतलास."

"मग? मळलेला ठेवू?"

"समिती येतेय ना आज."

"म्हणून तर धुतला. परक्या माणसांसमोर घाण पंचा टांगायचा? तुझ्या घरात टांगत असशील."

"साहेब," तेरेंती वेनियामिनला म्हणाला, "उठा. बर्फ ओला आहे. डागच हवाय ना? पाडू एक."

वेनियामिन उठला. ओल्या विजारीनिशी, पण ताठ. ऐतिहासिक वस्तूवर खोटा डाग पाडणं हा गुन्हा आहे, असं त्याने सांगितलं. आपण बाराशे पंधरा वस्तूंची सही करून जबाबदारी घेतलीय, आपण समितीला सगळं खरं सांगू आणि जे व्हायचं ते होऊ दे, असंही सांगितलं. छान बोलला. त्याचं बोलणं संपत असतानाच पुढच्या दारी गाडीचं दार आपटलं.

अजून अकराही वाजले नव्हते. तिघे घाईने दालनात परतले.

आत आला तो समितीचा अध्यक्ष, अर्कादी फोमिच. बावीस वर्षं हाच इथे डायरेक्टर होता. सप्टेंबरात बढती मिळून प्रांताला गेला तेव्हा वेनियामिनने त्याच्याकडून कारभार घेतला. चांगला उंच, भारदस्त, हाताने अघळपघळ बोलणारा माणूस. आज मात्र त्याने कोट नुसताच खांद्यावर टाकला होता आणि दालनाचं दार पायाने ढकलून उघडलं. कुणाला नमस्कार न करता तो सरळ एकशे सतराच्या पेटीपाशी गेला. मग वळला. त्याचा चेहरा त्या पंच्याएवढाच पांढरा झाला होता.

"धुतला," तो म्हणाला.

"धुतला," वेनियामिन म्हणाला.

"रात्री अंथरुणात आठवलं मला. मार्च लागला, ऊन पडलं, आणि तुम्हाला मी तोंडाने काहीच सांगितलेलं नाही." तो बाकावर बसला. "समितीच्या लिदिया रोबेर्तोव्नांना चर्चच्या कोरीव दारापाशी उतरवून आलोय. म्हटलं, तुम्ही फोटो काढा, मी पुढे जाऊन सगळं तयार आहे का बघतो. फार तर तासभर आहे आपल्याकडे. बरणी कुठाय?"

"कसली बरणी?"

"अहो, बरणी. कोठीतल्या कपाटात ठेवून गेलो होतो. वर चिठ्ठी होती: 'एकशे सतरासाठी. मार्च.'"

वेनियामिनच्या डोक्यात नोंदवहीचं एक पान उघडलं. "बाराशे पंधरा," तो हळू आवाजात म्हणाला. "काचेची बरणी, एक. आत तपकिरी द्रव. उपयोग अज्ञात. मी नोंद केलीय तिची. माझ्या आधीच्या कुणी ती नोंदलीच नव्हती."

"कशी नोंदणार? ओकच्या सालीचा काढा आहे तो, कांद्याची टरफलं घालून आटवलेला."

चातीवरचा कापा मावशीचा हात थांबला.

"अर्कादी फोमिच," ती म्हणाली. "म्हणजे दर वर्षी सकाळी तो परत यायचा, तो…"

"मीच आणायचो, मावशी."

"तुम्ही?"

"रात्री पंचा पेटीत ठेवून तुम्ही घरी गेलात की मी यायचो. ताटलीत काढा ओतायचा, हात बुडवायचा, पंच्यावर दाबायचा, शेगडीवर वाळवायचा. सांगणार होतो हो तुम्हाला. पहिल्याच वर्षी सांगणार होतो. पण तुम्ही इतक्या खुशीत कापड दाखवलंत, आणि त्या दिवशी बटाट्याच्या कचोऱ्याही आणल्या होत्या."

मावशी त्याच्याकडे वळली. "एकोणीस वर्षं," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं मी गावात सांगतेय की एक डाग सोडला तर माझ्या हातून न निघालेला डाग नाही. बायका हसायच्या मला. आणि तो दर वेळी निघत होता."

"निघत होता, मावशी. पहिल्याच उकळीला."

तेरेंतीने तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. त्याचे खांदे हलत होते.

"पण मूळचा डाग," वेनियामिनने धीर करून विचारलं, "तो तर खरा होता ना? तुमच्या आधीचा?"

"माझ्या आधीच्या डायरेक्टरांनी मला तीन गोष्टी दिल्या," अर्कादी फोमिच म्हणाला. "किल्ल्या, शिक्का आणि बरणी. म्हणाले, मार्चमध्ये लागेल."

"लागणारच," मावशी म्हणाली. "माझ्या आधी फेवरोनिया होती या खुर्चीत, ती काय मार्च तसाच जाऊ देत होती? आणि ती विधवा तरी? लुकिच, झारुचेवोतली कोणती बाई डागाचा पंचा पुढच्या मार्चपर्यंत ठेवील, सांगा बघू."

वेनियामिनने विचार केला. त्याची आई, आत्या, बायको, सासू, सगळ्या त्याच्या डोळ्यांसमोरून गेल्या. एकीनेही ठेवला नसता. ज्या इतिहासाच्या एकेका वस्तूची त्याने सही दिली होती, त्यातला मुख्य इतिहास एका वर्षाहून जुना असणं या गावात शक्यच नव्हतं, आणि हे दीडशे वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तो पुन्हा बसला. या वेळी सुदैवाने खाली खुर्ची होती.

"ते नंतर," अर्कादी फोमिच म्हणाला. "बरणी आणा."

खरं सांगून टाकण्याबद्दल वेनियामिनने आता चकार शब्द काढला नाही. बरणी आली. काढा ताटलीत ओतला गेला. पंचा अंगणातून आणून टेबलावर पसरला. सगळ्यांनी अर्कादी फोमिचकडे पाहिलं, आणि त्याने खांद्यावरचा कोट खाली टाकला. उजवा हात बोटांच्या टोकांपर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"सोमवारी कचेरीच्या पायरीवर घसरलो," तो म्हणाला. "म्हणून तर रात्री झोप येईना."

"डावा लावा," तेरेंती म्हणाला.

"नोंदवहीत 'उजवा पंजा, मनगटापासून मधल्या बोटापर्यंत एकवीस सेंटिमीटर' असं आहे. मीच लिहिलंय ते, बारीकसारीक. तुझा दे."

तेरेंतीने उजवा हात वर केला. त्याला चार बोटं होती. पाचवं तो तरुणपणी कुऱ्हाडीला देऊन बसला होता. मग वेनियामिनने हात पुढे केला. अर्कादी फोमिचने पट्टी लावली. सतरा.

"हा गव्हर्नरच्या मुलीचा वाटतो," तेरेंती म्हणाला.

"गाडीचा ड्रायव्हर?" वेनियामिनने विचारलं.

"मला सोडून परत गेला, लिदिया रोबेर्तोव्नांबरोबर आहे. त्यांचा कॅमेरा धरून."

मग हळूहळू तिघांची नजर राखणदारणीच्या खुर्चीकडे वळली. पन्नास वर्षं गाई पिळून, लाकडं फोडून, कापडं पिळून झालेला तो हात चातीवर निवांत पडला होता. अर्कादी फोमिच पट्टी घेऊन जवळ गेला. एकवीस. वर एक मिलिमीटरसुद्धा नाही.

"जमणार नाही," मावशी म्हणाली.

"मावशी, एक क्षणाचं काम आहे."

"मी डाग काढते, पाडत नाही. चाळीस वर्षांचा संसार झाला माझा, टेबलपोशावर थेंब सांडला नाही मी. आणि आता या वयात, धुतलेल्या पंच्याला हात पुसू? लोक काय म्हणतील?"

"लोकांना कळणारच नाही."

"मला कळेल की."

अर्कादी फोमिचने विनवलं. वेनियामिनने पत्र वाचून दाखवलं, विलीनीकरणाच्या परिच्छेदासकट. मावशी ऐकत राहिली आणि मान हलवत राहिली. शेवटी तेरेंतीच बोलला.

"जाऊ द्या, साहेब. बंब आले की कापेची खुर्ची या खिडकीतच राहील. अग्निशमनवाल्यांना राखणदारीण लागतेच. फरशीवर तेलाचे डाग पडतात म्हणे बंबांचे. काळे. आणि ते लोक पुसू देत नाहीत."

मावशीने चाती खाली ठेवली. बाही वर केली. ताटलीत हात बुडवला, बाहेर काढला, निथळू दिला, आणि डोळे मिटून, तोंडाने काहीतरी पुटपुटत, तो पंच्यावर दाबला. मग हात उचलून ती सरळ बाहेर गेली आणि बर्फाने हात घासत उभी राहिली.

पंचा शेगडीवर टांगला तेव्हा गाडी परत आल्याचा आवाज आला. डाग अजून ओला होता. वाळायला अर्धा तास तरी हवा होता. तेरेंती पुढच्या दाराशी गेला.

लिदिया रोबेर्तोव्ना प्रांताच्या वस्त्र-तज्ज्ञ होत्या. गळ्यात भिंग, हातात वही, नजर अशी की समोरच्याने शर्टाची बटणं तपासावीत. त्या आत आल्या आणि पुढच्या क्षणी तेरेंतीच्या बाकावर बसलेल्या होत्या, एक बूट काढून.

"सालीच्या चपला पायाच्या मापाशिवाय विणता येत नाहीत," तेरेंती सांगत होता. "आणि माप दोनदा घ्यावं लागतं. थंड पायाचं, मग गरम पायाचं. मध्ये चहा."

"मध्ये चहा कशाला?"

"पाय गरम व्हायला."

त्याने चौतीस मिनिटं काढली. तेवढ्या वेळात पंचा वाळला, पेटीत गेला, पेटीला कुलूप लागलं आणि वेनियामिनने घामाने ओली झालेली कॉलर बदलली. लिदिया रोबेर्तोव्नांनी चात्या पाहिल्या, डबे पाहिले, पाळणा पाहिला. प्रत्येक वेळी नोंद बरोबर निघाली. मग त्या एकशे सतरापाशी थांबल्या.

"उघडा."

वेनियामिनने तिसऱ्या प्रयत्नात कुलूप उघडलं. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि वाकल्या. दालनात शेगडीतलं लाकूड तडकलं.

"अर्कादी फोमिच," त्या न उठता म्हणाल्या, "हा गव्हर्नरचा हात नाही."

अर्कादी फोमिचने प्लास्टर छातीशी धरलं. वेनियामिनला बंब दिसले, लाल, एकामागून एक दारातून आत येताना.

"इकडे या. तर्जनी बघा. आतल्या बाजूला रेघ दिसते? कोरी, रंग न लागलेली. ती खाच आहे. ओला जवसाचा धागा जन्मभर बोटावरून ओढला की पडते ती. माझ्या आजीच्या बोटाला होती." त्या सरळ झाल्या. त्यांचे गाल लाल झाले होते. "आणि करंगळी. ही बाकदार झालीय, धारा काढून काढून. बावीस वर्षं तुम्ही या पंज्याशेजारी बसलात, आणि हा बाईचा हात आहे हे तुम्हाला दिसलं नाही?"

अर्कादी फोमिचने तोंड उघडलं. त्याच्याकडे उत्तर होतं; फार चांगलं, अगदी पुराव्यानिशी उत्तर होतं. पण ते द्यायचं तर बावीस वर्षं तिथे कुणाचा हात होता, हेही सांगावं लागलं असतं. त्याने तोंड मिटलं.

"नाही दिसलं," तो म्हणाला.

"छापील पुस्तिकेतल्या चित्रात नुसताच ठिपका आहे, त्यावरून कुणाला काय कळणार. हा ज्या बाईने पंचा विणला तिचा हात आहे. गव्हर्नर आला असेल, नसेल, मला त्याच्याशी कर्तव्य नाही. गव्हर्नरांचे हात प्रांतात ढिगाने आहेत. कातणाऱ्या बाईचा हात कुठेही नाही. हे संग्रहालय कुठेही विलीन होत नाही. या पंज्यासाठी मी स्वतंत्र दालन मागणार आहे." त्यांनी वही पुढे केली. "सही करा."

अर्कादी फोमिचने डाव्या हाताने सही केली. ती बरीच वाकडी आली, पण त्याला कुणी कारण विचारलं नाही.

समिती गेली. जाताना लिदिया रोबेर्तोव्ना दाराशी थांबल्या, कापा मावशीचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला आणि सांगितलं की अशा पंच्याची राखण करायला मिळणं हे भाग्य आहे. मावशीने हात जरा लवकरच सोडवून घेतला.

मग तिघे चहाला बसले. तेरेंतीने सालीच्या डब्यातून मध काढला.

"पुढच्या मार्चला," मावशी म्हणाली, "मी तो धुणार."

"धुवा, मावशी," वेनियामिन म्हणाला.

"आणि सकाळी तो परत येणार."

"यायलाच हवा."

"म्हणजे डाग पाडायचा मी, धुवायचा मी, आणि पगार राखणदारणीचा." ती चहाच्या पेल्याभोवती हात धरून बसली. "आजवर त्याच्या नावाने बोटं मोडत होते, तेच बरं होतं."

वेनियामिनने नोंदवही ओढली. एकशे सतरासमोरचा 'गव्हर्नर' त्याने पट्टी लावून खोडला. मग शेवटचं पान उघडून नवी ओळ आखली आणि लिहिलं: 'क्र. १२१६. हात, उजवा, एक. लांबी २१ सें.मी. संग्रहालयाबाहेर नेऊ नये, मार्चमध्ये तर नाहीच.'

त्याने पेन उचललं. मग, सहा महिन्यांत पहिल्यांदा, आधी मान वर केली. हात जागेवर होता, पेल्याभोवती, तर्जनीच्या खाचेत थोडा तपकिरी रंग अजून राहिलेला.

त्याने 'आहे' अशी खूण केली.